आधी कोरडं बसवून बघा

लोक डोळ्यांत बघून बोलतात. शंकरअण्णा तोंडात बघून बोलायचे. समोरचा माणूस नवखा असला की उगाच अवघडायचा. बिचारा मिशी पुसायचा, ओठ मिटून घ्यायचा, दातात काही अडकलंय की काय म्हणून जीभ फिरवायचा. अण्णांच्या हे गावीही नसायचं. भोरमधल्या माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत या माणसानं एकवीस वर्षं कवळ्या बनवल्या. दातांची डॉक्टर मी, पाटीवर नाव माझं, पण भोर-वेल्ह्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या मंडळींना ते नाव अजून ठाऊक नाही. ती दारात येऊन विचारायची, "कवळीवाल्या अण्णांचा दवाखाना ह्योच का?" सुरुवातीला माझा अस्सा संताप व्हायचा! मग पुढे पुढे मी मुकाट्यानं "हो, हाच. बसा," म्हणायला शिकले.

अण्णा मूळचे वेल्ह्याच्या डोंगरातले. थोडी भातशेती होती, ती भावानं सांभाळली. हे तरुणपणी पुण्यात दातांच्या एका लॅबमध्ये प्लास्टर कालवायला म्हणून लागले आणि बघून बघून सगळं काम शिकले. कागदावर शिक्षण सातवी. पायजमा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, शर्टाच्या खिशात मेण कोरायची पट्टी. स्वतःचा समोरचा एक दात पडलेला, तो काही त्यांनी शेवटपर्यंत बसवला नाही. मी कितीदा मागे लागले! म्हणायचे, "गिऱ्हाइकांची होऊ द्या आधी." गिऱ्हाइकं कधी संपणार होती?

कामाची पद्धतही त्यांची त्यांनी ठरवलेली. कवळी तयार झाली की आम्ही डॉक्टर लोक रंगीत कागद चावायला देतो, कुठे टोचतंय ते त्यावर उमटतं. अण्णांचा त्या कागदावर काडीचा विश्वास नव्हता. शालनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्या डब्यात रोज एक भाकरी जास्तीची द्यायची, ती पेशंटसाठी. पेशंटला मागच्या खोलीत नेऊन समोर भाकरी आणि ठेचा ठेवायचे. "खावा. कागुद काय घरी खाणार हाय का तुमी?" आंबवड्याचे एक रिटायर्ड गुरुजी होते. दात गेल्यापासून त्यांनी लोकांसमोर जेवणच सोडलं होतं, लग्नाकार्याला जायचे नाहीत. अण्णांनी दार लावून घेतलं आणि तासभर त्यांच्याबरोबर बसून भाकरी खाल्ली. मला बाहेर पेशंट खोळंबलेले, मी दोनदा दार वाजवलं, तर आतून आवाज आला, "जेवतोय!" शेवटी दार उघडलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "बोलता येतंय, खाता येतंय. आता आणखी काय बघायचं राहिलं?" अण्णा म्हणाले, "आता हसा." गुरुजींनी हसून दाखवलं आणि लगेच डोळ्याला रुमाल लावला.

अण्णांचं एक पालुपद होतं: "आधी कोरडं बसवून बगा." चिकटवण्याआधी, पक्कं करण्याआधी, कुठलाही तुकडा नुसता जागेवर ठेवून बघायचा, बसतोय का. कवळीच्या कामात हे बरोबरच आहे. पण ते जगातल्या प्रत्येक गोष्टीला तेच लावायचे. आमच्या ह्यांनी जुनी गाडी घ्यायची ठरवली तर अण्णांनी सांगितलं, "चार दिस चालवायला मागा. कोरडं बसवून बगा." माझ्या भाचीचं लग्न एका चहावर ठरलं तर ते ऐकून अण्णांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, चार येळा भांडू द्या दोघांना. एकदा चिकटवल्यावर तोडायला गेलं की दोन्ही बाजूचं टवकं निघत्यात." भाचीच्या सासरी हे सांगायची सोय नव्हती, पण मला मनातून पटलं होतं.

आणि त्यांना चावा ओळखता यायचा. म्हणजे कसं, आपण अक्षर ओळखतो ना, तसा. खोलीत तीन फळ्या भरून प्लास्टरचे जबडे मांडलेले. ज्यांची कवळी केली त्या सगळ्यांचे, पेन्सिलनं नाव घालून. माणूस वारलं तरी जबडा फळीवर. मी एकदा आवरायला काढले तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एकदा बाहेरच्या बाकावर कुणीतरी अर्धा खाल्लेला पेरू ठेवून गेलं. मी चिडून म्हटलं, कोण हा घाणेरडेपणा करतंय? अण्णांनी पेरू उचलला, जरासा फिरवला आणि म्हणाले, "किकवीच्या पाटलीणबाई." मी हसले. पुढच्या आठवड्यात पाटलीणबाई आल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, मागच्या येळंला माझा पेरू ऱ्हायला बगा हितं." त्यानंतर मी त्या बाबतीत अण्णांशी वाद घातला नाही. आणि हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं, पण राहिलं नाही. का ते पुढे सांगते.

अण्णांना दोन मुलं. मुलगा चाकणला कंपनीत. धाकटी वैशाली. ती शाळेतून सुटली की दवाखान्यातच यायची, मागच्या खोलीत बसून अभ्यास करायची, उरलेल्या मेणाच्या बाहुल्या करायची. हुशार पोरगी. पुण्यात शिकली, नोकरीला लागली, आणि एक दिवस तिनं अण्णांना फोन करून सांगितलं की मी निखिलशी रजिस्टर लग्न केलंय. केलंय! करणार आहे, असंही नाही. मुलगा दुसऱ्या जातीतला, पण अण्णांचं तेवढ्यावर अडलं असतं असं मला वाटत नाही. त्या दिवशी त्यांनी फोन ठेवला, खोलीत आले आणि संध्याकाळपर्यंत तीन कवळ्या घासून पुऱ्या केल्या. जाताना एवढंच म्हणाले, "सांगितलं असतं तर म्या काय खाल्लं असतं व्हय तिला?" त्यानंतर तीन वर्षं त्यांच्या तोंडून त्या पोरीचं नाव निघालं नाही. फळीवर वैशालीचा लहानपणीचा जबडा होता, तोही दिसेनासा झाला. पेशंट गप्पांच्या ओघात विचारायचे, "मुलं किती?" अण्णा म्हणायचे, "एक. पोरगा. चाकणला." मला ते ऐकवत नसे, मी उगाच नळ सोडायचे.

शालनवहिनी चोरून लेकीला फोन करायच्या. अण्णांना ते माहीत होतं. फोनची वेळ झाली की हे आपले बाहेर जाऊन बसायचे. बाईसाहेब बोलून झाल्या की आत. दोघंही एकमेकांना काही विचारायची नाहीत. असा तो कारभार.

तर मागच्या आषाढ अमावस्येची गोष्ट. दर अमावस्येला अण्णा गावी देवाला जायचे, त्या दिवशी मागची खोली बंद. नेमका तोच दिवस साधून वैशाली आली. बरोबर भलंमोठं खोकं. म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझं एक काम कराल? अण्णांना न सांगता."

खोक्यात रेझिनचे, म्हणजे कडक प्लास्टिकसारखे, तुकडे होते. साबणाच्या वडीच्या रंगाचे, छोट्या पिशव्यांत भरलेले, दीडशेच्या आसपास. निखिलला म्हणे छोटी छोटी सैन्यं रंगवायचा नाद, त्याच्याबरोबर हीही कधीमधी ब्रश घेऊन बसायची. परदेशातल्या कुठल्याशा खेळातलं हे युद्धयंत्र: दोन पायांवर चालणारं, खांद्यावर तोफा, पोटात माणूस बसून चालवतो. जोडून उभं केलं तर माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत उंच. नवऱ्यानं वर्षभर थांबून मागवलं आणि आलं ते वाकडंतिकडं. तोफेची नळी शेवग्याच्या शेंगेसारखी वळलेली, पाय आखूड-लांब, सांधे एकमेकांत बसेनात. त्यानं हात टेकले आणि खोकं माळ्यावर टाकलं.

"आमच्या अण्णांशिवाय हे कुणाला जमायचं नाही," वैशाली म्हणाली. "पण माझं आहे कळलं तर ते हात लावणार नाहीत. मॅडम, बाकी काही नको मला. माझ्या घरात त्यांच्या हातचं काहीतरी असावं, एवढंच. आईला पण सांगू नका, तिच्या पोटात राहायचं नाही."

मी म्हटलं, "ठेव इथं. मी बघते." मला अशा कामात फार हुशारी वाटते स्वतःची.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांसमोर खोकं ठेवलं आणि सांगितलं, पुण्याच्या एका पेशंटचं आहे, हौशी माणूस आहे, जोडून रंगवून हवंय, हस्तिदंती रंगात. अण्णा बाहेरचं काम कधीच घ्यायचे नाहीत. मी काय काय युक्तिवाद करायचे ते घोकून ठेवलं होतं.

"पेशंट गडी का बाई?" त्यांनी विचारलं.

"त्याच्याशी काय करायचंय?"

"कवळी कुणाची ते म्हाईत नसताना म्या कधी केली का? हाताळणार कोण, ठेवणार कुठं, कळाय नको?"

"गडी आहे," मी ठोकून दिलं.

अण्णांनी एकेक तुकडा काढून बघितला. मग खोक्यातलं रंगाचं सामान. ब्रशांची गुंडाळी उलगडली, एकेक ब्रश उचलून बाजूला ठेवला. त्यातला एक उजेडात धरून बराच वेळ फिरवून बघितला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मला वाटलं, आवडला असेल. मग म्हणाले, "बरं. करू."

एवढंच! मी घरी जाऊन आमच्या ह्यांना रंगवून सांगितलं की बघा, कशी थाप पचवली.

आणि मग श्रावण-भादवा त्या खोलीत जे चाललं ते मी दोन पेशंटच्या मधल्या वेळात बघत होते. आधी सगळे तुकडे कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशनं घासले. "साच्याचं त्याल असतंय अंगाला. ते ऱ्हायलं तर रंग धरत न्हाई." वाकडी नळी गरम पाण्यात धरून मऊ केली, सरळ केली आणि तशीच गार पाण्यात बुडवली. पुण्यातल्या जावयाला जे चार महिने जमलं नव्हतं ते अण्णांनी चहा निवायच्या आत केलं. साच्यातून तुकड्यांना चिकटून आलेले जास्तीचे कोंब बारीक करवतीनं कापले, पाणी लावून लावून घासले, तोंडाला फडकं बांधून. सांध्यांना भोकं पाडून आत तार घातली, कवळी शेजारच्या दाताला अडकवायचा आकडा करतात ती. "नुसत्या गोंदावर भार टाकायचा न्हाई. आतनं आधार पायजे."

पण गोंद? गोंद कुठे होता? आठ दिवस ते यंत्र कवळीच्या गुलाबी मेणावर उभं होतं. सांध्यासांध्याला मेणाचे ठिपके. अण्णा यायचे, लांबून बघायचे, एक पाय काढायचे, कणभर घासायचे, परत लावायचे. माझा जीव वर-खाली. म्हटलं, "अहो, चिकटवा की आता!"

"बसंना अजून."

"काय बसेना? मला तर छान दिसतंय."

"तुमाला दिसतंय. त्याला हुबं ऱ्हायचंय."

पेशंट लोकांना तर ते आकर्षणच झालं. एक म्हातारी कवळीचं माप द्यायला आली, तिनं आधी चपला काढून यंत्राला हात जोडले. "ह्यो देव कुठला म्हनायचा?" अण्णा म्हणाले, "देव न्हाई मावशी, टॅक्टर हाय."

एक दिवस मला हाक मारली. पोटातला ड्रायव्हर दाखवला, बोटाच्या पेराएवढा माणूस. "मॅडम, ह्यो आत बसला. वरनं झाकण लागलं. आता उतरायचं म्हनलं तर कसा उतरायचा?"

"अण्णा, खोटा माणूस आहे तो."

"खोटा असू द्या. वाट तर पायजे." आणि त्यांनी तारेची शिडी केली. नऊ पायऱ्यांची, एका बाजूच्या मांडीवरून वर जाणारी. झाकणालाही गोंद न लावता तारेची बिजागरी केली, उघडमीट होणारी. मी वैशालीला चोरून फोटो पाठवायचे. त्या रात्री तिचा फोन आला. "मॅडम, ही शिडी कुठली? किटमध्ये शिडी नव्हती." मी म्हटलं, "तुझ्या वडिलांनी केली. ड्रायव्हरला उतरायला." तिनं पायऱ्या किती ते विचारलं, मी नऊ म्हटलं. मग "ठेवते," म्हणाली.

रंग हा तर अण्णांचा प्रांत. दातांच्या छटांची पट्टी असते आमच्याकडे, ती त्यांनी यंत्राशेजारी ठेवली. "नुसता पांढरा दात खोटा वाटतो मॅडम. मुळाशी पिवळा, टोकाला निळसर, मधी च्याचा डाग. तसं करतो." भोरची पावसाळी हवा, रंग काही केल्या सुकेना. प्लास्टर सुकवायची बल्बची पेटी होती, तिच्यात एकेक अवयव ठेवून सुकवला. एकावर एक सात-आठ पातळ हात. नवरात्र बसलं तेव्हा ते यंत्र असं काही दिसत होतं की मी हात लावायला घाबरायचे. चकाकी येणारं पक्कं वॉर्निश तेवढं राहिलं होतं, आणि पाय. पायांना चिखल दाखवायचा होता.

आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला मागच्या खोलीत दरवर्षी पूजा असते. घासायची मशीन, दाबयंत्र, मेणाच्या पट्ट्या, करवती, सगळं धुऊनपुसून मांडायचं आणि शालनवहिनींनी येऊन हळदकुंकू वाहायचं. त्या वर्षी मी जरा उशिरा पोचले. आत गेले आणि किंचाळलेच.

यंत्राच्या गळ्यात झेंडूची माळ. तोफेच्या टोकावर फूल. आणि बरोब्बर कपाळाच्या पत्र्यावर, त्या सात-आठ हातांच्या हस्तिदंती रंगावर, हळदीचं आणि कुंकवाचं एकेक ठसठशीत बोट. ओलं.

"वहिनी! हे काय केलंत?"

वहिनी बावरल्या. "अवो, शस्त्र हाय न्हवं ते? यंत्र बी हाय. चालतंय म्हनं, म्हंजी गाडी बी झाली. तिन्ही हाय आन त्यालाच कसं सोडायचं?"

मी कापूस घेऊन धावले, पुसायला गेले तर हळद आणखी पसरली. वॉर्निश नव्हतं ना, रंगानं ती पिऊन टाकली होती. मी रडायच्या बेतात आले. सव्वादोन महिन्यांचं काम! त्या पोरीनं विश्वासानं माझ्याकडे दिलेलं! मी अण्णांवरच ओरडले, "तुम्ही इथं बसला होतात ना? थांबवलं का नाही? आता मी त्या पेशंटला काय सांगू?"

अण्णा स्टुलावर बसून निवांत माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सांगा की," ते म्हणाले, "तिच्या आईनं लावलंय."

मला आधी कळलंच नाही. वहिनींना माझ्या आधी कळलं. त्यांच्या हातातलं ताट कलंडलं, अक्षता सगळ्या फरशीवर.

अण्णांनी खिशातून ब्रश काढला. तोच, पहिल्या दिवशी ठेवलेला. लाकडी दांड्याच्या टोकाला चावल्याच्या खुणा होत्या. मग खालचा खण ओढला आणि कापडात गुंडाळलेला प्लास्टरचा छोटा जबडा काढला. पेन्सिलनं लिहिलेलं नाव: वैशू. तिच्या बाराव्या वर्षी घेतलेलं माप. वरचा एक सुळा बाहेर आलेला. त्यांनी ब्रशाचा दांडा त्या प्लास्टरच्या दातांत ठेवला. सुळ्याचा खड्डा सुळ्यावर बसला. जरासुद्धा हलला नाही.

"पयल्या दिशीच कोरडं बसवून बगितलं," अण्णा म्हणाले. "पेन्सिली चावायची, आता ब्रश चावती. सुळा आत घ्यायला पलेट करून दिलेली, यक दिस घातली न्हाई. आता बी सुळा तसाच हाय."

सव्वादोन महिने! सव्वादोन महिने हा माणूस मला "तुमचा पेशंट, तुमचा पेशंट" म्हणत होता, आणि मी आपली घरी फुशारक्या मारत होते. पेरू बघून पाटलीणबाई ओळखणाऱ्या माणसासमोर मी त्याच्या लेकीनं चावलेला ब्रश नेऊन ठेवला होता.

वहिनी खाली बसल्या. अक्षता वेचत होत्या आणि रडत होत्या. "मला का न्हाई सांगितलं?"

"तिनं मला सांगितलं न्हाई. मंग म्या कुणाला सांगू?" अण्णा म्हणाले. आणि आवाज उतरवून, "हात चालू होतं तवर बरं वाटत होतं. बोललो असतो तर बंद पडलं असतं."

मी फोन हातात घेतला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता सांगते वैशालीला. त्यांनी हात वर केला. "तुमी काय बोलू नका. म्या घिऊन जातो. अजून पाय ऱ्हायल्यात."

"आणि हा डाग?"

"डाग कुठला? लेकीच्या घरी पयल्यांदा कायतरी चाललंय, ते कुंकवाशिवाय कसं जाईल?" त्यांनी माझ्या हातातला कापूस काढून घेतला. मी पसरवून ठेवलेली हळद त्यांनी हस्तिदंती रंगानं झाकली, पण वहिनींची दोन बोटं तशीच ठेवली आणि त्यावरून वॉर्निश मारलं.

दसऱ्याला गावी सोनं द्यायला गेले, ते येताना कवळीच्या रिकाम्या डबीतून माती घेऊन आले. स्वतःच्या भातखाचरातली. चाळली, गोंदात कालवली आणि यंत्राच्या दोन्ही पायांना घोट्यापर्यंत लावली. लहानपणी वैशाली सुट्टीत त्याच खाचरात नाचायची, हे वहिनींनी मला सांगितलं. अण्णा कशाला सांगतील?

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी ते निघाले. आमच्या गाडीनं सोडते म्हटलं तर नको. ताप आल्यामुळे वहिनी दोन दिवसांनी मुलाबरोबर यायच्या होत्या, पण अण्णा थांबायला तयार नव्हते. म्हणून मी एकटीच त्यांना भोरच्या स्टँडवर सोडायला गेले. इस्त्रीचा शर्ट, टोपी, खिशात तो ब्रश. खोकं दोन्ही हातांनी धरलेलं. स्वारगेटची गाडी लागायची होती. मी काहीबाही बोलत होते, यांचं लक्ष गाडीच्या वाटेकडे. एवढी वर्षं मी त्यांना ओळखते, घाबरलेले कधी बघितले नव्हते. त्या दिवशी बघितले.

"मॅडम," ते म्हणाले, "तीन वर्सं म्या फोन उचलला न्हाई. तिनं दारच उगडलं न्हाई तर?"

मी म्हटलं, "अण्णा, काहीतरीच काय बोलता! तिनंच पाठवलं ना खोकं?"

"खोकं पाठवलं. मला कुठं बोलावलंय?" आणि मग स्वतःशीच मान हलवत म्हणाले, "बगू. जाऊन दोन दिस कोरडं बसवून बगतो."

दोन दिवसांसाठी गेलेले ते दिवाळीला तिकडेच राहिले, मग संक्रांतीलाही. वैशाली सांगते, रोज संध्याकाळी जावई आणि सासरे टेबलाशी बसून घासत बसायचे आणि बोलायचे फक्त गोंदाबद्दल. माघात तिच्याच घरी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मागच्या खोलीत आता एक्स-रेचं मशीन आहे. फळ्या मी काढल्या नाहीत. जबडे तसेच आहेत, फक्त 'वैशू'ची जागा रिकामी आहे, तो जबडा वैशाली घेऊन गेली.

पण मला अण्णा आठवतात ते स्टँडवरचे. गाडी लागली, गर्दी चढली, त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी राहून हात हलवत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला.

"आजोबा, खोकं वर ठिवा की. काय हाय त्यात?"

अण्णांनी खोकं पोटाशी ओढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या मांडीवर," ते म्हणाले. "लेकीचं हाय."